राजवाड्यात कंपनीचा कार्यक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांकडून हल्ली एक मागणी हमखास येते: हॉटेलांच्या बँक्वेटचा कंटाळा आलाय, जरा वेगळी जागा सुचवा. वेगळी म्हणजे जुनी, भिंतीवर चित्रं असलेली, वर झुंबर असलेली. अशा जागा आहेत आणि मिळतातही. पण हॉटेल बुक करण्याच्या सवयीनं तिथे गेलात तर पहिल्याच बैठकीत दोन्ही बाजूंचा विरस होतो. खालची उत्तरं बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मुंबईहून सकाळची गाडी पकडली की दुपारच्या जेवणाला तिथे पोचता येतं, आणि गायकवाडांचं बडोदं आपल्याला परकं नाही. आम्ही कार्यक्रम करणारी माणसं आहोत, राजवाड्याचे प्रतिनिधी नाही. दालनांची परवानगी, दर आणि तारखा राजवाड्याच्या व्यवस्थापनाकडूनच घ्याव्यात.

निमंत्रणात आणि सूत्रसंचालनात वास्तूबद्दल काय सांगायचं?

थोडं, पण खरं. सयाजीराव गायकवाड (तिसरे) नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. 1875 मध्ये दत्तक जाऊन ते बडोद्याच्या गादीवर आले. त्यांनी बांधवून घेतलेला हा राजवाडा 1890 मध्ये पुरा झाला. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच, त्यामुळे कोल्हापूरची मंडळी असतील तर हा धागा जरूर सांगा. मँट 1881 मध्ये वारला आणि पुढचं काम रॉबर्ट चिझमनं पुरं केलं. आपलं गणित चुकलं, इमारत उभी राहणार नाही, या धास्तीनं मँटनं जीव दिला असं सांगतात. इमारत मात्र ठणठणीत उभी आहे.

आत दरबार हॉल आहे. त्याची जमीन व्हेनिसच्या पद्धतीच्या मोझेकची, खिडक्या बेल्जियमच्या रंगीत काचांच्या. ऑगुस्तो फेलिची या इटालियन शिल्पकाराची ब्राँझ, संगमरवर आणि टेराकोटातली कामं इथे आहेत. आणि अर्थात राजा रविवर्मा. सयाजीरावांनी 1888 च्या सुमारास त्यांच्याकडे पुराणातल्या प्रसंगांची 14 चित्रं सोपवली होती. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आवारातल्याच महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहे. संग्रहालयाची इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांच्या शाळेसाठी बांधली होती.

‘बकिंगहॅम राजवाड्याच्या चौपट’ हे वाक्य मात्र निमंत्रणावर टाकू नका. इमारतीची तुलना इमारतीशी की आवाराची इमारतीशी, हे ते वाक्य सांगणारा कोणीच सांगत नाही. एखादा चोखंदळ ग्राहक नेमका तेच विचारतो.

आत काय होऊ शकतं आणि बाहेर काय?

ढोबळ नियम असा: बसून ऐकायचं ते आत, खायचं-नाचायचं ते बाहेर. संचालक मंडळाची बैठक, 40-50 जणांचं ऑफसाइट, छोटा पुरस्कार सोहळा, व्याख्यान, गाण्याची बैठक, हे कलादालनाच्या स्वभावाला मानवतं. एक हजाराची डीलर मीट, एलईडी वॉलवर गाडीचं अनावरण, टीम-बिल्डिंगचे खेळ, हे हिरवळीवर. बडोद्याला हिरवळीचा तुटवडा नाही, आवार शेकडो एकरांचं आहे.

कंपन्यांची ओढ असते ती ‘सगळं दरबार हॉलमध्येच’ करण्याची. आमचं मत उलट आहे. संध्याकाळी पाहुण्यांना छोट्या तुकड्यांनी आत फिरवा आणि रात्री उजळलेल्या दर्शनी भागासमोर मोकळ्यावर जेवायला बसवा. आतली दोन तासांची भाषणं कोणाच्या लक्षात राहत नाहीत, रविवर्म्याच्या चित्रासमोरची दहा मिनिटं राहतात.

हॉल एवढा मोठा आहे, मग माणसांच्या संख्येवर मर्यादा कशाला?

कारण माणूस हवा गरम करतो आणि दमटही करतो. स्वस्थ बसलेला माणूस साधारण 100 वॉट उष्णता बाहेर टाकतो. 200 माणसं म्हणजे 20 किलोवॉट. शिवाय श्वास आणि घामातून माणशी ताशी सुमारे 50 ग्रॅम बाष्प बाहेर पडतं, म्हणजे तीन तासांच्या कार्यक्रमात 200 जण मिळून हवेत 30 लिटर पाणी सोडतात. ते पाणी कॅनव्हास, लाकडी चौकट आणि जुना गिलावा शोषतो. रात्री दिवे मालवले, माणसं गेली, की तेच पुन्हा बाहेर पडतं. कॅनव्हास आणि त्यावरचा रंगाचा थर एकाच मापानं फुगत-आकसत नाहीत, म्हणून रंगाला बारीक तडे जातात. एका रात्रीत दिसत नाही, वर्षानुवर्षांच्या लग्नसराईनंतर दिसतं.

म्हणून ‘आम्ही भाड्याचे एसी आणतो’ हे उत्तर होत नाही. एकदम गार, मग एकदम गरम हा झोका चित्रांना कायमच्या उकाड्यापेक्षाही वाईट. व्यवस्थापनानं 80 सांगितले तर 80 धरा, 95 ची यादी घेऊन घासाघीस करू नका.

सजावट किती करता येईल?

जितकी कमी तितकी चांगली, आणि हे केवळ वास्तूच्या भल्यासाठी म्हणत नाही. मोझेकच्या जमिनीवर गालिचा, संगमरवरावर कापडी मंडप, रंगीत काचांसमोर फ्लेक्स, हे करण्यासाठी एवढ्या लांब कशाला यायचं? सजावटीच्या बजेटातला निम्मा पैसा काढून जास्तीच्या तासांत घाला. सेटअपला एक पूर्ण दिवस आधी मिळाला तर निम्मे अपघात टळतात.

बाकी बारकावे असे. खिळा नाही, स्क्रू नाही, सागवानावर किंवा रंगवलेल्या भिंतीवर दुतर्फी टेप नाही. टेप निघताना पॉलिश घेऊन निघतो. बॅकड्रॉप स्वतःच्या पायावर उभा राहणारा, वजन ठेवलेला आणि भिंतीपासून हातभर लांब. मोझेकवर काही जड ठेवायचं असेल तर खाली नमदा (लोकरीचा जाड थर), त्यावर प्लायवूड, त्यावर वस्तू. ट्रॉलीला रबरी चाकं. शिडीच्या पायांना कापडाच्या टोप्या. हे शेवटचं डेकोरेटरच्या मुकादमाला स्वतः दाखवून सांगा, फोनवर सांगून होत नाही.

फुलं चालतात, पण लिलीचे पुंकेसर आधी काढून टाकायला लावा. त्याचा केशरी पराग कापडाला आणि दगडाला लागला की पुसला जात नाही, पसरतो. गुलाबाच्या पाकळ्यांच्या पायघड्या पायाखाली चिरडून डाग पाडतात. ओल्या स्पंजातली फुलं थेट संगमरवरावर ठेवायची नाहीत, खाली तबक हवं. कन्फेटी, कोल्ड पायरो (थंड ठिणग्यांचे फवारे) आणि धुराचं यंत्र यांची चौकशीही करू नका. त्या धुरातलं ग्लायकोल तैलचित्रांच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं.

आमचा लाइटवाला ‘चित्रांवर छान फोकस मारतो’ म्हणतो. मारू द्यावा?

नाही. संग्रहालयात तैलचित्रांवर साधारण 200 लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आत प्रकाश ठेवतात, जलरंग, कागद आणि कापडावर 50 लक्स. स्टेजचा एक साधा पारकॅन (डब्याच्या आकाराचा झोतदिवा) जवळून मारला तर तो आकडा सहज कितीतरी पटींनी ओलांडतो, शिवाय जुन्या हॅलोजनची धग वेगळी. एलईडी वापरा, छताकडे किंवा बाहेरच्या दर्शनी भागावर मारा. रंगीत काचांच्या खिडक्यांना बाहेरून मंद दिवा लावला तर आत जो परिणाम होतो तो स्टेजच्या कुठल्याही फिरत्या झोतदिव्याला साधत नाही. विचारून बघा, परवानगी मिळाली तर हेच करा.

वीज स्वतःच्या जनरेटरची. जुन्या वायरिंगला हात लावायचा नाही, भिंतीतल्या सॉकेटला मिक्सर जोडायचा नाही.

दीपप्रज्वलन तरी करता येईल ना?

आपल्याकडे त्याशिवाय कार्यक्रम सुरूच होत नाही, तेव्हा प्रश्न रास्त आहे. आत उघडी ज्योत बहुतेक ठिकाणी नाहीच. सगळ्यात सुटसुटीत उपाय म्हणजे समई पोर्चमध्ये किंवा पायऱ्यांपाशी ठेवणं. प्रमुख पाहुणे गाडीतून उतरले की तिथेच ज्योत लावतात आणि मग आत येतात. समईखाली मोठी परात, परातीत वाळू, कारण तेल ठिबकतंच. काजळीचा विचार करून कापूर आणि धूप बाहेरही जपून.

वीजेवर चालणारी समई आणू नका. ती फोटोत फार केविलवाणी दिसते.

जेवणाचं काय?

स्वयंपाक वास्तूच्या बाहेर, वाढपही शक्यतो बाहेर. लाइव्ह काउंटर, तंदूर, जिलबीची कढई या गोष्टी हिरवळीवरच शोभतात. आत फार तर चहा-कॉफी आणि कोरडे पदार्थ, ते स्वतंत्र खोलीत, चित्रांच्या दालनात नव्हे.

केटररला तीन शत्रू लिहून द्या: हळद, लिंबू आणि पाक. हळदीचा डाग सच्छिद्र दगडात उतरतो. लिंबाच्या आम्लानं संगमरवराची झिलईच जाते, तो डाग नसतोच, दगड खाल्लेला असतो, त्यामुळे पुसून काही उपयोग नाही. गुलाबजामाच्या पाकाला मुंग्या येतात आणि मुंग्यांमागून बाकीचे. सांडलं तर लगेच कोरड्या कापडानं टिपायचं आणि घरच्या, म्हणजे राजवाड्याच्या, माणसाला बोलवायचं. फिनेल ओतून घासणारा उत्साही हाऊसकीपिंगवाला हा चौथा शत्रू.

मेनूत बडोद्याचं काही ठेवा. शेव-उसळ तर हवीच. तर्री मात्र बाहेरच.

कॉकटेल डिनर?

गुजरातेत दारूबंदी आहे. बाहेरगावच्या पाहुण्याला वैयक्तिक परमिट मिळू शकतं, पण त्याच्या जोरावर दोनशे लोकांची पार्टी होत नाही. 2023 च्या अखेरीस मिळालेली सवलत गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीपुरती आहे. ‘काहीतरी सोय होईल’ म्हणणारा स्थानिक ओळखीचा माणूस भेटतोच, त्याच्या नादी लागू नका. कंपनीचं नाव आणि राजवाड्याचं नाव एकाच बातमीत यायला नको असेल तर कोरडा कार्यक्रम धरूनच बडोदं निवडा. बार हवाच असेल तर जागाच दुसरी घ्या.

संगीत कुठलं? डीजे चालेल?

आत डीजे नाही. खर्जाच्या ठोक्यांनी शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या रंगीत काचा थरथरतात, झुंबराचे लोलक किणकिणतात, आणि ते ऐकताना घरच्या माणसांचे चेहरे बघवत नाहीत. बाहेर ध्वनिक्षेपक रात्री 10 पर्यंत, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. सणांची सवलत कंपनीच्या वार्षिक दिनाला लागू होत नाही.

पण या घराला संगीताचं वावडं आहे असं समजू नका. मौलाबक्ष बडोद्याच्या दरबारात होते, 1886 मध्ये त्यांनी इथे संगीतशाळा काढली. फैयाज खाँ इथले दरबारी गायक. सयाजीरावांच्या पहिल्या राणीसाहेब तंजावरच्या, त्यांच्याबरोबर तिकडच्या नर्तकीही बडोद्याला आल्या. अशा ठिकाणी तबला-तानपुऱ्यासह अर्ध्या तासाची बैठक ठेवा, माइक नावापुरता. सेल्सची तरुण पोरं कंटाळतील ही भीती दरवेळी व्यक्त होते. अर्धाच तास ठेवा आणि गाणाऱ्याला दोन वाक्यं बोलायला सांगा, कोणी कंटाळत नाही.

फोटो, ड्रोन?

आतल्या फोटोबाबत लेखी विचारा, तोंडी नाही. चित्रांचं फ्लॅशनं जितकं नुकसान होतं त्याहून जास्त सेल्फी घेताना मागे सरकणाऱ्या माणसानं आणि पाठीवरच्या सॅकनं होतं. म्हणून सॅक दारातच जमा करून घ्या. ड्रोनला वेगळी परवानगी, आणि ती मिळेल असं धरून व्हिडिओचा आराखडा करू नका.

ड्रेस कोडमध्ये काही खास?

टोकदार पेन्सिल हील नको. साडीवर कोल्हापुरी किंवा सपाट चप्पल चालते, निमंत्रणातच लिहा म्हणजे ऐनवेळी कोणाला दारात ओशाळायला नको.

बुकिंग किती आधी आणि खर्चात काय काय धरायचं?

हिवाळ्यात लग्नांची गर्दी असते आणि लग्नवाले वर्षभर आधी तारीख धरतात. कंपनीला एक फायदा आहे: तुम्हाला मुहूर्त लागत नाही. मंगळवार-बुधवार मागा.

भाडं हा खर्चाचा एक भाग झाला. त्यावर सेटअप आणि आवरण्याचे तास, घरचे पहारेकरी आणि दालन-सेवक, अनामत रक्कम, जनरेटर, अग्निशमन परवानगी, संगीताचे परवाने, विमा. दर मागताना ‘किती वाजता ट्रक आत येईल आणि किती वाजता शेवटचा माणूस बाहेर पडेल’ हे लिहून द्या, नाहीतर रात्री दोनचा हिशेब सकाळी भांडणात निघतो.

आता अकाउंट्सवाल्यांना सांगण्याची गोष्ट, कारण ही हमखास सुटते. कार्यक्रमासाठी जागा भाड्यानं घेतली तर जीएसटीच्या दृष्टीनं सेवेचं ठिकाण म्हणजे ती जागा. म्हणजे बडोद्यातल्या जागेच्या बिलावर गुजरातचा सीजीएसटी आणि एसजीएसटी लागतो, आणि फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो कर आपल्या करातून वळता करता येत नाही. पूर्ण कार्यक्रमाच्या आयोजनाचं बिल नोंदणीकृत कंपनीला आयोजक संस्थेनं दिलं तर नियम वेगळा, तिथे सेवेचं ठिकाण तुमच्या नोंदणीच्या राज्यात धरतात. कराराची रचना ठरवण्याआधी सीएंना विचारा, बिल आल्यावर नाही.

एखाद्या वस्तूचं नुकसान झालं तर?

आधी कागद करा म्हणजे नंतर वाद होत नाही. सेटअप सुरू होण्यापूर्वी राजवाड्याचा माणूस आणि तुमचा माणूस मिळून दालनभर फिरतात. जमिनीला आधीच गेलेला तडा, चौकटीचा उडालेला टवका, पुतळ्याची झिजलेली बोटं, सगळ्याचे फोटो तारखेसह घेतात आणि दोघं सही करतात. या स्थिती-नोंदीला एक-दीड तास जातो. तो वाचवू नका.

विमा दोन प्रकारचा: पाहुण्यांना इजा झाली तर सार्वजनिक दायित्वाचा आणि भाड्यानं घेतलेल्या वास्तूच्या नुकसानीचा. मौल्यवान कलावस्तूंचा विमा घराचा असतो, पण तुमच्या निष्काळजीपणानं धक्का लागला तर विमा कंपनी तुमच्याकडे वळते. रक्कम केवढी असू शकते याचा अंदाज हवा असेल तर 2023 मध्ये मुंबईतल्या लिलावात रविवर्म्यांचं ‘यशोदा-कृष्ण’ 38 कोटींना गेलं. शिवाय 1979 पासून त्यांची चित्रं कायद्यानं राष्ट्रीय कलानिधी आहेत, ती देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत. पैसे भरून परत आणता येईल अशी ती वस्तू नव्हे.

व्यवहारात सगळ्यात स्वस्त विमा म्हणजे माणूस. प्रत्येक दालनात एक असा कर्मचारी उभा ठेवा ज्याच्याकडे ट्रे नाही, वॉकीटॉकी नाही, दुसरं काही काम नाही. त्यानं फक्त पाठी बघायच्या: कोणाची पाठ कुठल्या चौकटीला टेकायला आली आहे.

कुठले महिने टाळावेत?

एप्रिल ते जूनचं ऊन बाहेरच्या कार्यक्रमाला नकोच. पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर येतो, 2019 आणि 2024 मध्ये अर्धं शहर पाण्यात होतं. नवरात्रात गरब्यामुळे हॉटेलं, रस्ते आणि वादक, काहीच हाती लागत नाही. गणपतीत राजवाड्यातही गणपती बसतो आणि शहर मिरवणुकांत असतं. जानेवारीत 14-15 ला उत्तरायण, तेव्हा गुजरातेत कामाचं कोणी भेटत नाही. उरलेला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

पाहुण्यांना चित्रं ‘दाखवायची’ कशी? आमच्याकडे कलेतलं कोणाला फार कळत नाही.

कळायची गरज नाही, ओळख पुरते. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत कधी ना कधी रविवर्म्याची लक्ष्मी किंवा सरस्वती टांगलेली होती. ती छापील चित्रं त्यांच्याच छापखान्यातून निघाली: 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्रांचे असे छाप काढावेत ही सूचना करणाऱ्यांत बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव होते. देवघरातला तो छाप आणि समोरचं मोठं तैलचित्र, हे नातं मार्गदर्शकानं सांगितलं की वाहनांचे सुटे भाग विकणारा विक्रेताही थांबून बघतो. 15-20 जणांची तुकडी, 25 मिनिटं, आणि सगळी चित्रं न दाखवता पाच-सहाच. दोन तुकड्यांत पुरेसं अंतर ठेवा.

दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस आहे. काय बघावं?

कीर्तिमंदिर या गायकवाडांच्या स्मारकातली चित्रकार नंदलाल बोसांची भित्तिचित्रं. आणि रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, मराठी दिवाणाचं घर, आतल्या भिंती एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी भरलेल्या. तो पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिथे कार्यक्रम होत नाही. अरुंद जिन्यानं दहा-दहा जण वर जातील एवढीच जागा.

बडोद्याऐवजी?

ग्वाल्हेरचा जयविलास, शिंद्यांचा. तिथल्या दरबार हॉलच्या दोन झुंबरांचं वजन प्रत्येकी साडेतीन टन आणि छत ते पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले होते असं सांगतात. हैदराबादचं फलकनुमा 2010 पासून हॉटेल आहे, त्यामुळे राहणं, जेवण आणि 101 जणांचं प्रसिद्ध टेबल एकाच छताखाली, बैठकीपेक्षा मेजवानीला सोपं. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत मात्र परवानगीशिवाय सभा-मेजवानी घेता येत नाही आणि परवानगी सहजी मिळत नाही. एखादा दलाल ‘किल्ल्यात करून देतो’ म्हणाला तर लेखी परवानगी बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

कार्यक्रम संपल्यावर आमचं काम संपलं ना?

रात्री आवरायची घाई करू नका. थकलेला कामगार, अर्धवट अंधार आणि लांब लोखंडी ट्रस, हा या धंद्यातला सगळ्यात वाईट तास. जेवणाचं सामान आणि ओला कचरा त्याच रात्री हलवा, बाकी सकाळी उजेडात. मग पुन्हा तीच स्थिती-नोंद, तेच फोटो त्याच कोनातून, दोघांच्या सह्या. अनामत रक्कम परत मिळण्याची तारीख त्याच कागदावर लिहून घ्या.